टीनएजर घरात आहे आणि प्लेस्टेशन घ्यायचाय? दुसऱ्या कंट्रोलरचे पैसे आधी बाजूला काढा

फ्रेम रेट, रे ट्रेसिंग, फोर के वगैरे तांत्रिक माहिती हवी असेल तर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत, ते बघा, त्या लोकांना त्यातलं खरंच कळतं. मी हा प्लेस्टेशन 5 चा (टीव्हीला जोडून खेळायचं सोनीचं गेमचं मशीन) रिव्ह्यू लिहितेय एक आई म्हणून. घरात मोठी चौदा वर्षांची, नववीत, धाकटा अकराचा, नवरा शिफ्टवाला आणि सासूबाई. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर दर सुट्टीच्या आधी हाच प्रश्न येतो, पोरं मागे लागलीत, प्लेस्टेशन घ्यावा का, अभ्यासाचं वाटोळं होईल का. पन्नास हजाराची वस्तू आहे, साधी गोष्ट नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढे वाचायची गरज नाही. हॉलमध्ये ठेवणार असाल आणि दोन कंट्रोलर (हातात धरून खेळायचा बटणांचा रिमोट) घेणार असाल, आणि त्यातला एक तुमच्या स्वतःच्या हातात असणार असेल, तर बिनधास्त घ्या. मुलांच्या खोलीत ठेवणार असाल आणि बॉक्समध्ये येतो तो एकच कंट्रोलर वापरणार असाल तर नका घेऊ, तेवढ्या पैशात दुसरं काहीही होईल.

आता हे का म्हणतेय ते. मोठी सातवीत जाईपर्यंत मला तिचं सगळं माहीत असायचं. मग हातात फोन आला, कानात इअरफोन आले, दार लोटलेलं असायला लागलं, आणि आतून एकटीच हसल्याचा आवाज यायचा. कशावर हसतेय ते आपल्याला कळत नाही, विचारलं तर "काही नाही गं, मीम आहे, तुला नाही कळणार". मुलगी वाईट नाही, अभ्यास करते, उलटून बोलत नाही, पण तिच्या दिवसातले सगळ्यात आनंदाचे दोन तास आमच्यापैकी कोणीच बघितलेले नसायचे. मला ते फार लागायचं. किती वेळ स्क्रीनवर जातो यापेक्षा हे जास्त लागायचं.

फोनवर गूगलचं फॅमिली लिंक लावलं होतं. ते अ‍ॅप फुकट आहे आणि लहान मुलांसाठी चांगलंच आहे, धाकट्याच्या टॅबवर अजूनही आहे, अ‍ॅपला वेळ बांधून देता येते, रात्री ठरलेल्या वेळी फोन लॉक होतो, नवीन अ‍ॅप टाकायचं असेल तर आपल्याकडे परवानगी मागणारा मेसेज येतो. पण ते मिनिटं मोजतं. यूट्यूब एक तास चाळीस मिनिटं असं दाखवतं. त्या एक तास चाळीस मिनिटांत ती काय बघून खुश झाली, कशाने नाराज झाली, हे त्यात कुठून येणार. आणि टीनएजर मुलीशी आपलं बोलणं जर रोज फक्त "किती वेळ झाला" एवढ्यावरच येऊन थांबत असेल तर ती आपल्याला वॉचमन समजायला लागते, तेच आमच्याकडे व्हायला लागलं होतं.

तर खरेदीबद्दल. स्लिम मॉडेल भारतात एप्रिल 2024 मध्ये आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत 54,990 आणि बिनडिस्कच्या डिजिटलची (गेम इंटरनेटवरूनच उतरवायच्या) 44,990 होती, आताचा भाव दुकानात विचारून घ्या, सणाच्या सेलमध्ये खाली येतो. दहा हजार वाचतात म्हणून डिजिटल घ्यावासा वाटतो पण माझं ऐका, डिस्कवालाच घ्या. नवीन मोठ्या गेमची किंमत पाच हजारांच्या घरात असते, आणि डिस्क असली की खेळून झाल्यावर विकता येते, मित्रामैत्रिणींत अदलाबदल करता येते, सेकंडहँड घेता येते. डिजिटलवर घेतलेली गेम तुमच्या खात्यालाच चिकटलेली. आमच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांत मिळून डिस्क फिरतात, वाचनालयासारखं चाललंय, आणि त्या निमित्ताने मुलं एकमेकांकडे जातात हे वेगळंच.

दुकानात गेल्यावर एक सांभाळा. आम्ही जिथे पहिल्यांदा गेलो (नाव लिहीत नाही) तिथे म्हणे दोन गेम सोबत घ्यायलाच लागतील नाहीतर पीस देत नाही, आणि त्यातली एक गेम डब्यावर ठळक 18 लिहिलेली. शेजारी अकरा वर्षांचं पोर उभं आहे आणि हा मनुष्य म्हणतो सगळे हीच खेळतात ताई. आम्ही तिथून निघालो. दुसरीकडे व्यवस्थित जीएसटी बिल आणि भारतातली एक वर्षाची वॉरंटी घेऊनच घेतला. बाहेरून आणलेला पीस दोन-तीन हजारांनी स्वस्त देतात पण त्याला इथली वॉरंटी नसते.

डब्यावरचे आकडे मात्र पालकांनी शिकून घ्या, पाचच आहेत, 3, 7, 12, 16 आणि 18, म्हणजे कमीत कमी वय किती हवं. सिनेमाला आपण ए सर्टिफिकेट बघतो की नाही, मग इथे का नाही बघायचं.

आणि दुसरा कंट्रोलर, सहा हजारांच्या आसपास. नवऱ्याने आधी म्हटलं, तो नसला तर काय बिघडतंय, आळीपाळीने खेळतील ना दोघं. आळीपाळीने म्हणजे एक खेळणार आणि दुसरा भांडणार, आणि आईबाप रेफरी. दुसरा कंट्रोलर घेतला की मशीनचा उपयोगच बदलतो. ज्यांच्याकडे कोणाचा जुना पीएस 4 चा, म्हणजे आधीच्या प्लेस्टेशन 4 चा, कंट्रोलर पडलेला असेल त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट, तो पीएस 5 ला जोडला जातो पण फक्त पीएस 4 च्या गेमसाठी चालतो, पीएस 5 च्या गेम त्याच्यावर खेळता येत नाहीत. पीएस 4 च्या बऱ्याच गेम या मशीनवर चालतात, म्हणजे तेवढ्यापुरती सोय होते.

सेटिंगला एक संध्याकाळ द्या आणि मुलांना शेजारी बसवून करा. आईचं किंवा बाबांचं खातं मुख्य, त्याखाली मुलांची खाती, आणि जन्मतारीख खरीच टाका कारण सगळे नियम त्यावरच लागतात. सप्टेंबर 2025 पासून सोनीचं प्लेस्टेशन फॅमिली नावाचं मोबाईल अ‍ॅप आलंय, त्यामुळे आता फोनवरूनच सगळं दिसतं, कोण काय खेळतंय, किती वेळ झाला, वेळ वाढवून मागितलाय का. खर्चाची महिन्याची मर्यादा असते, मी शून्य ठेवलीय. अनोळखी लोकांशी बोलणं बंद ठेवलंय. हे मोठीला आधी सांगून केलं, का केलं तेही सांगितलं, तिने एक बदल मागितला की शाळेतल्या मैत्रिणींशी बोलता यावं, तो केला.

वेळ संपल्यावर काय करायचं याचे दोन पर्याय येतात, एकात फक्त सूचना येते आणि दुसऱ्यात मशीन लॉग आउट करतं. बरेच पालक लॉग आउट लावतात. माझा सल्ला, टीनएजरला फक्त सूचनेवर ठेवा. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही, समोर खरी माणसं खेळत असतात, मध्येच गेलं की हरल्याचं लागतं आणि टीममधल्यांच्या शिव्या वेगळ्या. शेवटची ओव्हर चालू असताना गॅलरीतून "आत ये" म्हणून ओरडणारी आई आठवा, तसंच आहे हे. आम्ही ठरवलंय की सूचना आली की चालू मॅच पूर्ण करायची आणि नवीन लावायची नाही. ती पाळते. धाकटा नाही पाळत, त्याला लॉग आउट आहे, दोघांना एकच नियम लावायची काही गरज नाही.

एक बारीकशी गोष्ट जी मला दुकानदाराने पण सांगितली नाही. या कंट्रोलरमध्येच माइक आहे. म्हणजे ऑनलाइन खेळताना घरातलं बोलणं, कुकरची शिट्टी, तुमची आणि नवऱ्याची गॅसच्या नंबरावरून झालेली वादावादी, सगळं पलीकडे ऐकू जाऊ शकतं. मधोमध एक छोटं बटण आहे ते दाबलं की केशरी दिवा लागतो, म्हणजे माइक बंद. आमच्याकडे केशरी दिवा हा नियमच आहे.

आता गेमबद्दल. मशीनमध्ये अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम फुकट येते आणि ती पहिली स्वतः खेळून बघा, मुलांच्या आधी. छोटा रोबोट आहे, तो वाळूवरून चालला की हातात वाळूसारखं कुरकुरतं, पाऊस पडला की तळहाताला थेंब पडल्यासारखं बारीक बारीक कळतं, एका ठिकाणी कंट्रोलरवर खरोखर फुंकर मारावी लागते. सासूबाईंच्या हातात दिला तर त्यांनी दोनदा उलटा करून बघितला की आत काय आहे, आणि मग त्यांनीच धाकट्याला विचारलं, अरे हा बर्फावर गेला तर काय होतं रे. त्या दिवशी प्लेस्टेशनला घरात मान्यता मिळाली.

आमच्या घरात ज्या गेमने खरा फरक पडला ती इट टेक्स टू. ही एकट्याने खेळताच येत नाही, दोन माणसं लागतातच, पडदा मधोमध दोन भागात असतो. गोष्ट अशी की एक नवराबायको वेगळं व्हायला निघालेत, त्यांच्या छोट्या मुलीच्या अश्रूंनी ती दोघं बाहुल्या होतात, आणि आता एकमेकांना धरूनच बाहेर पडायचंय. 2021 चा गेम ऑफ द इयर अवॉर्ड मिळालाय तिला. मी आई झाले आणि मोठी बाबा झाली.

एका टप्प्यात माझ्याकडे हातोडी आणि तिच्याकडे खिळे असतात. तिने लाकडी भिंतीत खिळा फेकून मारायचा आणि मी त्या खिळ्याला हातोडी अडकवून झोका घेऊन पलीकडे जायचं. तिचा खिळा चुकला तर मी खाली, माझी उडी चुकली तर तिचा खिळा फुकट. मला कंट्रोलरवरच्या दिशा फिरवायच्या दोन काड्या आणि चार बटणं एकदम सांभाळायची सवय नाही, मी कॅमेरा एकीकडे फिरवते आणि पळते दुसरीकडे. आणि ही पोरगी, जी मला वायफायचा पासवर्ड सांगताना पण वैतागते, ती शांतपणे म्हणते, "आई थांब, घाई नको करूस. मी आधी खिळा मारते. हां, लागला. आता पळत ये. आता एक्स दाब आणि हवेत असतानाच परत. पडलीस? असू दे, परत येतेसच तू." गेममध्ये पडलं की लगेच परत उभं राहता येतं, शिक्षा नाही, त्यामुळे नवशिक्या आईबापांना ही सगळ्यात बरी. मी पलीकडे पोचले तेव्हा तिने कंट्रोलर मांडीवर टाकून टाळ्या वाजवल्या. तिला कोणाला काही शिकवायला मिळालं नव्हतं इतके दिवस, घरात सगळे तिलाच शिकवत असतात.

एक सूचना द्यायलाच हवी. या गेममध्ये खेळण्यातल्या हत्तिणीचा एक सीन आहे, मुलगी रडावी म्हणून ती दोघं तिची आवडती हत्तीण ओढत नेतात, ती गयावया करत असते आणि तुम्हाला बटणं दाबूनच ते करावं लागतं, टाळता येत नाही. डब्यावर 12 लिहिलंय ते बरोबर लिहिलंय. धाकटा मागे बसून बघत होता तो उठून आत गेला. मोठीने हात थांबवले आणि म्हणाली, हे लोक मुलीसाठी करतायत असं म्हणतायत पण तिला विचारत कोणीच नाहीये. मग तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीबद्दल बोलली, जिचे आईबाबा वेगळे राहतात आणि जिला शनिवार रविवार कुठे जायचं हे कोणी विचारत नाही. आम्ही त्या दिवशी पुढे खेळलो नाही, बराच वेळ नुसत्या बसून बोललो. ज्यांच्या घरात तो विषय ताजा आहे त्यांनी ही गेम आधी स्वतः बघून मग ठरवा.

चौघांसाठी म्हणाल तर ओव्हरकुक्ड. छोटंसं स्वयंपाकघर, कांदे चिरायचे, सूप शिजवायचं, ताटल्या धुवायच्या, वेळेत ऑर्डर द्यायची, पातेलं जास्त वेळ राहिलं की आग लागते, ती विझवायची. यात कोणी कितीही हुशार असला तरी एकटा काही करू शकत नाही. नवरा शिफ्टहून आला की अर्धा तास ही ठरलेली. तो ताटल्या धुतो, धाकटा कांदे चिरतो, मोठी ओरडून कोणाला काय करायचं ते सांगते, आणि सगळे तिचं ऐकतात. यात एक लेव्हल झाली की पुढच्या लेव्हलला जाताना नकाशावर एक छोटी गाडी फिरवत न्यावी लागते. ती गाडी फिरवता फिरवता मोठीने सांगितलं की तिला मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलंय. कधी, तर महिना झाला. महिनाभर ती दार लोटून बसत होती आणि आम्ही समजत होतो की फोनचं व्यसन लागलंय. कोणी तिला काही सल्ला दिला नाही, नवऱ्याने फक्त विचारलं, कोणी काढलं, आणि ती सगळं बोलली. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर "काही नाही" हेच उत्तर आलं असतं, हे मी खात्रीने सांगते.

फुटबॉलवाल्या मुलांसाठी ईए स्पोर्ट्स एफसी आहे, पूर्वी फिफा म्हणायचे तीच, 2023 पासून नाव बदललं. दोघं एकाच टीममधून खेळू शकता, बापलेकांसाठी फार छान आहे. पण त्यात अल्टिमेट टीम नावाचा प्रकार आहे, खरे पैसे देऊन पॉइंट घ्यायचे आणि बंद पाकिटं उघडायची, आत कोण खेळाडू निघेल ते नशीब. बेल्जियममध्ये 2018 ला तिथल्या गॅम्बलिंग कमिशनने असल्या पाकिटांना जुगार ठरवलं आणि 2019 मध्ये कंपनीला तिथे ते पॉइंट विकणं बंद करावं लागलं. आपल्याकडे चालू आहे. म्हणून खर्चाची मर्यादा शून्य, आणि कार्ड मशीनमध्ये सेव्ह करूच नका.

यावरून आठवलं, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा सासूबाईंना वाटलं की गेमवरच बंदी आली आणि आता पोलीस येतील का. तसं नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे, रमी, पैशावरच्या फँटसी टीम असल्या. ई-स्पोर्ट्स, म्हणजे गेमच्या स्पर्धा, आणि साध्या करमणुकीच्या गेम चालू आहेत. मोबाईलवरच्या बीजीएमआयमध्ये (पबजीची भारतातली आवृत्ती) पण 18 च्या खालच्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे आणि पालकांच्या नंबरवर ओटीपी जातो. पण तो नंबर खरंच आपला आहे का हे बघायला आपण मुलाच्या शेजारी असायला लागतं, पुन्हा तिथेच येतं सगळं.

आईबापांनी सोबत खेळल्याने खरंच काही होतं का यावर अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचा, 2011 सालचा, 287 किशोरवयीन मुलामुलींच्या कुटुंबांवरचा. ज्या मुली आईवडिलांबरोबर वयाला साजेशा गेम खेळत होत्या त्या घराशी जास्त जोडलेल्या होत्या आणि त्यांचं वागणंही जास्त चांगलं दिसलं. मुलग्यांमध्ये मात्र तसा फरक आढळला नाही. आता, जे आईबाप मुलीबरोबर गेम खेळायला बसतात ते एरवीही तिच्याजवळ बसत असतील, त्यामुळे सगळं श्रेय गेमला देऊ नये. तरी मुलींच्या पालकांना सांगते, गेम म्हणजे मुलग्यांची गोष्ट असं धरून चालू नका. दुकानात पण माझ्या मुलीकडे कोणी बघत नव्हतं, सगळे धाकट्याला विचारत होते तुला कुठली हवी.

व्यसनाबद्दल. डब्ल्यूएचओने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतलाय, 1 जानेवारी 2022 पासून ती यादी लागू आहे. पण त्यात जास्त वेळ खेळणं एवढंच बघत नाहीत, खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, हे साधारण वर्षभर असेल तर. कोणाच्या घरात असं असेल तर तिथे माझा दुसरा कंट्रोलरचा सल्ला लागू नाही, डॉक्टरांकडेच जा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत याच्यासाठीच 2014 पासून शट नावाचं वेगळं क्लिनिक आहे, आणि सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तोट्यांबद्दलही लिहिते. वीज, खेळताना दोनशे वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे पाचेक तासांना एक युनिट, टीव्हीचं वेगळं. लाईट गेली की मशीन धाडकन बंद, परत लावल्यावर नीट बंद केलं नव्हतं म्हणून तपासणी करत बसतं, ज्यांच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते त्यांनी इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या किंवा चांगला यूपीएस लावा. गेम साठवायला जागा 1 टीबी, म्हणजे साधारण हजार जीबी, आहे पण एकेक गेम पन्नास जीबी, काही शंभरच्या वर, भरायला वेळ लागत नाही. डिस्क असली तरी वर अपडेट उतरवावं लागतंच, वायफायचा प्लॅन बघून घ्या. ऑनलाइन खेळायला बहुतेक गेमना पीएस प्लसचं वर्गणीसारखं वेगळं पॅकेज लागतं. आम्ही ते घेतलंच नाही, एका घरात बसून खेळायला आणि फुकटच्या ऑनलाइन गेमना ते लागत नाही. कंट्रोलरच्या काड्या काही काळाने आपोआप सरकायला लागतात, ड्रिफ्ट म्हणतात त्याला, बहुतेक कंपन्यांच्या कंट्रोलरचा हा प्रॉब्लेम आहे, पोरांना काडी आपटू देऊ नका. मराठी भाषा कुठेच नाही. आणि हॉल हा हॉल राहत नाही, सासूबाईंची सिरियल आणि मुलांची मॅच एकाच वेळी येते. आमच्याकडे साडेसात ते साडेआठ टीव्ही सासूबाईंचा, त्यात कोणी बोलायचं नाही.

नियम फक्त मुलांना लावून चालत नाही हे मात्र नक्की. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं बऱ्याच जणांनी वाचलं असेल, 2022 च्या 15 ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला आणि दीड तास टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसायला लागली. ते चाललं कारण ग्रामसभेत ठरलं आणि मोठ्यांनीही हातातले फोन ठेवले. आमच्याकडे पण मोठीची अट होती, खेळायला बसलीस की फोन आतल्या खोलीत. शेजारी बसून मध्येच व्हॉट्सअ‍ॅप बघणारी आई तिला नको होती. तिचं बरोबरच आहे, दुसरा कंट्रोलर हातात घेऊन लक्ष तिसरीकडे असेल तर मुलांना लगेच कळतं.

एवढे पैसे नसतील तर पीएस 5 च पाहिजे असं बिलकुल नाही. सेकंडहँड पीएस 4 वर इट टेक्स टू आणि ओव्हरकुक्ड दोन्ही चालतात. त्याहून कमी म्हणाल तर मोबाईलवरच्या लुडो किंगमध्ये एकाच फोनवर आळीपाळीने चौघं खेळू शकतात, फोन मध्ये सतरंजीवर ठेवायचा.

पुढच्या वर्षी मोठी दहावीला. नातेवाईकांचं सुरू झालंय, आता विका ते. विकणार नाही. तिच्याशी बोलून ठरवलंय की आठवडाभर मशीन बंद आणि रविवारी संध्याकाळी ओव्हरकुक्ड, चाचणीच्या आठवड्यात तेही नाही, हे चाचणीचं तिनेच घातलं. तिसरा कंट्रोलर मात्र घ्यायचाय, धाकटा आणि नवरा अजून एकाच कंट्रोलरवर भांडतात. नाशिकमध्ये कोणाकडे पीएस 5 चा सेकंडहँड कंट्रोलर असेल, ड्रिफ्ट नसलेला, बिल असलेला, तर खाली कळवा. काळा असेल तर बरं, आताचे दोन्ही पांढरे आहेत आणि कुठला कोणाचा यावरून रोज वाद आहे.